वंश की संगोपन? : ‘द बॉईज फ्रॉम ब्राझील’

अमेरिकन लेखक आयरा लेव्हिन यांची ही कादंबरी १९७६ साली प्रसिद्ध झाली. नाझी डॉक्टर मेंगेले हिटलरच्या पेशींपासून ९४ मुले जन्मास घालतो व निरनिराळ्या देशांत दत्तक देतो. वृद्ध नाझीशोधक लिबरमन या कटाचा माग काढतो. प्रौढ प्राण्याच्या पेशीपासून जन्मलेली ‘डॉली’ मेंढी त्यानंतर २० वर्षांनी, १९९६ साली अवतरली.

कथेचा वेग वाचकाला खिळवून ठेवतो; परंतु तिचे मर्म कटाच्या एका तपशिलात आहे. हिटलरचे वडील १९०३ साली ६५ व्या वर्षी वारले, तेव्हा तो १३ वर्षांचा होता. म्हणून मेंगेले या मुलांच्या दत्तक पित्यांनाही त्याच वयात ठार करवतो. केवळ रक्त पुरेसे नाही, ही कबुली खलनायकच देतो. मुलांना मारावे, हा सल्ला झुगारून लिबरमन त्यांची यादी नष्ट करतो. शेवटच्या प्रसंगात मात्र एका मुलाच्या चित्रातून लेखक पुन्हा रक्ताचीच भीती दाखवतो. येथे रहस्यकथेने विचारावर मात केली आहे.

आपल्याकडे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, वृत्ती उरली. निपाणीच्या तंबाखू वखारीत राबणाऱ्या आईचे मूल अभ्यासात मागे पडले, की ‘त्यांच्या रक्तातच नाही’ असे सहज बोलले जाते. शिक्षकाने ही कादंबरी वाचावी, ती लिबरमनच्या निर्णयासाठी.