निःशब्द म्हटलेला समुद्र

अणदूरपासून समुद्र दूर. पण विहिरीत पोहणाऱ्या मुलांना ठाऊक असते, की बुडी मारल्यावर पाण्यात आपटलेले दोन दगड अगदी कानाशी वाजतात. ध्वनी पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेतल्या चौपटीहून वेगाने. हीच गोष्ट कुस्तो आणि लुई माल यांच्या 'द सायलेंट वर्ल्ड' (१९५६) या गाजलेल्या माहितीपटाच्या नावातून निसटते.

समुद्रतळाचे रंग त्याने जगाला दाखवले, हे श्रेय मोठेच. पण त्यातच मासे मोजण्यासाठी प्रवाळात सुरुंग फुटतो, बोटीच्या पंख्याने देवमाशाचे पिल्लू जखमी होते. कॅमेरा जखम टिपतो. यंत्राचा आवाज प्रश्न ठरत नाही. सप्टेंबर २००१ मध्ये कॅनडाच्या फंडी उपसागरात जहाजे कमी झाली, तेव्हा राइट व्हेलच्या शरीरातील ताणाची संप्रेरके घटलेली आढळली.

चित्रपट वर्गात जरूर दाखवावा, पण नावावर चर्चा करूनच. नाहीतर सहलीत तारकर्लीला डॉल्फिन पाहायला इंजिनाच्या बोटीत बसताना, पाण्याखाली हा आवाज कसा ऐकू येत असेल, हे मुलांना सुचणारच नाही.