ध्यानाचे आरोग्यलाभ : एक छाननी

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली ध्यानाधारित उपचारक्रम सुरू केला. जुनाट वेदनांनी गांजलेल्या रुग्णांना धर्माचे नाव न घेता स्मृतीचा अभ्यास शिकवावा, हा त्यामागील विचार होता. तेव्हापासून ध्यान हा प्रयोगशाळेचा विषय झाला आणि 'ध्यानाने मेंदू बदलतो' हे विधान सर्रास ऐकू येऊ लागले. कालामांना ऐकीव गोष्टीवर विसंबू नका असे सांगणाऱ्या तथागतांच्या अनुयायांनी तरी ते पारखून घेतले पाहिजे.

मेंदूचेच पाहू. २००५ साली सारा लाझार व सहकाऱ्यांना २० साधकांच्या मेंदूचे काही भाग १५ इतरेजनांपेक्षा जाड आढळले. परंतु हे एकदाच घेतलेले मोजमाप होते. ध्यानाने जाडी वाढली, की तसा मेंदू असणारेच ध्यानाकडे वळले, हे त्यावरून ठरत नाही. २०२२ साली विस्कॉन्सिनमधील संशोधकांनी दोनशेहून अधिक व्यक्तींवर चाचणी केली, तेव्हा आठ आठवड्यांच्या अभ्यासाने मेंदूच्या रचनेत फरक पडल्याचे दिसले नाही. पहिल्या निष्कर्षाचा गाजावाजा झाला, तसा दुसऱ्याचा झाला नाही.

गोयल व सहकाऱ्यांचा २०१४ चा आढावा आम्हांस अधिक विश्वसनीय वाटतो. ४७ चाचण्या, ३,५१५ व्यक्ती. चिंता, खिन्नता व वेदना यांत माफक लाभ होतो; मात्र व्यायाम वा औषधोपचार यांहून ध्यान सरस ठरल्याचा पुरावा नाही. हा लाभ खराच आहे आणि पीडिताला तो नाकारण्याचे कारण नाही.

आमचा आक्षेप निराळा आहे. या चाचण्यांत मोजला जातो तो व्यक्तीच्या मनातील ताण. त्या ताणाचे सामाजिक कारण मोजपट्टीबाहेर राहते. गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराने श्वासाकडे लक्ष दिले तर त्याची चिंता कदाचित घटेल. गटार तेच राहील, आणि त्यात उतरणारी जातही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी दुःखाचा विचार माणसामाणसांतील अन्यायापर्यंत नेला आहे. सम्यक स्मृती ही सम्यक आजीविकेपासून तोडली की उरते ती केवळ विश्रांती.

सत्यनारायण गोयंका १९५५ साली रंगून येथे सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले ते अर्धशिशीने त्रस्त होऊन. डोकेदुखी घालविण्यासाठी येणार असाल तर प्रवेश नाही, असे त्यांना सांगण्यात आले होते.