स्वामी निकाल एका वाक्यात उरकू नका

फौजदारी अब्रूनुकसानी आणि सोशल मीडिया या विषयावर प्रपोजल लिहिताना बरेच जण 'सुब्रमण्यन स्वामी विरुद्ध भारत सरकार' हा निकाल एका ओळीत संपवतात: सर्वोच्च न्यायालयाने कलम ४९९ आणि ५०० वैध ठरवली. तुम्ही मूळ निकाल वाचा.

१३ मे २०१६ चा हा निकाल न्या. दीपक मिश्रा यांनी लिहिलाय. (डिक्शनरी जवळ असू द्या, गंमत नाही.) मुख्य मुद्दे दोन. प्रतिष्ठा हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. आणि अनुच्छेद १९(२) मध्ये अब्रूनुकसानीचा स्पष्ट उल्लेखच आहे. दोन्ही बरोबर. पण त्यातून फार तर 'मर्यादा घालता येते' एवढंच सिद्ध होतं. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत तुरुंग कशाला, भरपाईचा दिवाणी दावा का पुरत नाही, याचं पटेल असं उत्तर मला तरी त्यात मिळालं नाही. १९(२) मध्ये 'वाजवी' हाही शब्द आहे ना!

आता शेजारी श्रेया सिंघल निकाल ठेवा, २४ मार्च २०१५ चा. २०१२ मध्ये फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली, त्यानंतरची ही याचिका. त्यात ६६अ मोघम म्हणून रद्द झालं. 'मग वर्षभरात न्यायालय उलटलं' असं लिहायचा मोह होईल. थांबा. ६६अ चा प्रतिष्ठेच्या हानीशी संबंध नाही, असं त्याच निकालात म्हटलंय. म्हणजे कायद्याच्या भाषेत थेट विसंगती नाही. पण पोस्ट टाकणाऱ्याला वाटणारी भीती तीच आहे, आणि स्वामी निकाल ती फारशी मनावर घेत नाही.

प्रिया रमाणी खटला बघा. ट्वीट ऑक्टोबर २०१८ चं, निर्दोष सुटका १७ फेब्रुवारी २०२१ ला. शिक्षा शून्य, पण सव्वादोन वर्षं कोर्टाच्या तारखा. शिवाय विधान खरं असणं पुरत नाही. ते लोकहिताचं होतं हेही आरोपीनेच दाखवायचं.

१ जुलै २०२४ पासून हेच भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आलंय, फक्त शिक्षेत समाजसेवेचा पर्याय वाढलाय.

त्यामुळे डेटा गोळा करताना नुसत्या शिक्षा मोजू नका. समन्स निघाल्यापासून निकालापर्यंत किती तारखा पडल्या, मध्येच किती पोस्ट डिलीट झाल्या, किती जणांनी माफी मागून प्रकरण मिटवलं, ते बघा. ई-कोर्ट्सवर कायदा आणि कलम टाकून शोधता येतं. सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करा.