पाहुण्याची दृष्टि

परदेशगमनाचीं वर्णनें आपल्याकडे थोडीं नाहींत. बोट कधीं सुटली, समुद्र कसा लागला, लंडनचा पूल केवढा आणि पॅरिसचा मनोरा किती उंच, हें सारें त्यांत सांपडतें. सांपडत नाहीं तें लेखक महिनोन् महिने ज्या घरीं जेवला, निजला, ज्या घरच्या बाईनें त्याच्या पडशाखोकल्याची काळजी वाहिली, तें घर. याचें कारण उघड आहे. ज्याचें मीठ खाल्लें त्याच्या चुलीपाशींच्या गोष्टी चव्हाट्यावर आणूं नयेत, हा संस्कार आपल्या हाडींमासीं खिळलेला आहे. तो वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्यापायीं प्रवासवाङ्मयाची एक अख्खी दालनें बंद राहिलीं हें खरें. म्हणूनच रवींद्रनाथ ठाकुरांचीं दोन पुस्तकें शेजारी शेजारी ठेवून वाचण्याजोगीं आहेत. 'युरोप-प्रवासीर पत्र' हें १८८१ मधलें. त्यांतील पत्रें लिहिलीं तेव्हां लेखकानें विशीहि गांठली नव्हती. 'जीवनस्मृति' हें १९१२ मधलें. त्या वेळीं त्याची पन्नाशी उलटली होती. घरें तींच, माणसें तींच, पाहुणाहि तोच, आणि मध्यें तीस वर्षांचें अंतर. असा योग कोणत्याहि वाङ्मयांत क्वचितच येतो.

या घरांची मालिका सुरू होते ती मात्र इंग्लंडांत नव्हे, मुंबईंत. १८७८ सालीं विलायतेस जाण्यापूर्वी इंग्रजी बोलण्याचालण्याचा सराव व्हावा म्हणून बंधु सत्येंद्रनाथ यांनीं या सतरा वर्षांच्या मुलास डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरीं ठेविलें. प्रार्थनासमाजाच्या संस्थापकांपैकीं एक, व्याकरणकार दादोबांचे बंधु, असें हें घर. तेथें त्यांची सुशिक्षित कन्या अन्नपूर्णा हिनें त्यास इंग्रजी रीतिभाती शिकविल्या, आणि त्यानें तिला 'नलिनी' हें काव्यांतलें नांव दिलें. आमच्या मराठी लेखकांना रवींद्रनाथांच्या प्रवासांतला एवढाच भाग ठाऊक असतो, आणि त्यावर ते इतका रंग चढवितात कीं, मूळ आठवण त्याखालीं गुदमरून जावी. स्वतः कवीनें ती १९४० सालच्या 'छेलेबेला' या पुस्तकांत मोठ्या संयमानें सांगितली आहे. तेवढ्यावर समाधान मानावें हें बरें.

इंग्लंडांत गेल्यावर प्रथम ब्रायटनला वहिनी व पुतण्यांसमवेत वास्तव्य. मग लंडनांत रीजंट पार्कसमोर एकट्याचें बिऱ्हाड. नंतर बार्कर नांवाच्या, विद्यार्थ्यांची परीक्षेची तयारी करून देणाऱ्या गृहस्थाचें घर. आणि अखेर डॉ. स्कॉट यांचें कुटुंब. यांपैकीं बार्करांच्या घरास 'जीवनस्मृती'नें फार थोडी जागा दिली आहे. पण कलादृष्ट्या आम्हांस ती सर्वांत सरस वाटते. त्या घरांत मन रमावें असें कांहीं असेल तर ती बार्करांची सौम्य पत्नी. तिचा जीव एका कुत्र्यावर. पतीला तिचें मन दुखवावयाचें असे, तेव्हां तो त्या कुत्र्याला छळी. बस्स, एवढेंच. नवराबायकोच्या भांडणाचा एकहि संवाद नाहीं, कारणमीमांसा नाहीं, विलायती विवाहसंस्थेवर टीका नाहीं. टॉर्कीहून वहिनींचें बोलावणें येतांच मुलगा आनंदानें तिकडे धांवला, असें सांगून लेखक मोकळा होतो. पाहुण्याला यजमानाच्या घरांतलें जें दिसतें तें असेंच दिसतें : दार अर्धवट उघडें असतां, आपण जिन्यांत उभे असतां. एखाद्या कादंबरीकारानें यावर शंभर पानें खर्चिलीं असतीं, आणि तरी कुत्र्याला बसलेली लाथ इतकी स्पष्ट ऐकूं आली नसती.

स्कॉट कुटुंबाची गोष्ट निराळी. येथें लेखक रमला आहे. काळ्या वर्णाचा परका मुलगा घरीं येणार म्हणून धाकट्या दोघी मुली नातेवाइकांकडे पळून गेल्या होत्या. तो निरुपद्रवी आहे अशी खात्री पटल्यावर त्या परतल्या. पुढें याच घरीं राहून तो युनिव्हर्सिटी कॉलेजांत हेन्री मॉर्ले यांच्या इंग्रजी वाङ्मयावरील व्याख्यानांस जात असे. पत्रांतून या घराची दिनचर्या उत्साहानें वर्णिली आहे. मुलें, मोलकरणी, घरचा कुत्रा, कोणी सुटलेलें नाहीं. आणि हीं पत्रें बोलण्याच्या बंगालींत आहेत. त्या काळीं छापील बंगाली म्हणजे भारदस्त 'साधु' भाषा; तिला बाजूस सारून या पोरानें घरीं बोलतात तशी भाषा पुस्तकांत आणली. आमच्या मतें हा योगायोग नव्हे. परक्याच्या स्वयंपाकघराचें वर्णन सोवळ्या भाषेंत करतां येत नाहीं. बहुतेक मराठी वाचक रवींद्रनाथांस इंग्रजींतून वाचतात, त्यांना हा भेद कळण्याचा मार्गच नाहीं.

उतारवयांत कवीनें या पत्रांची फार निर्भर्त्सना केली. आदर करणें, स्वीकारणें, दुसऱ्याच्या अंतरंगांत प्रवेश मिळविणें हीच मोठी शक्ति. कोवळ्या वयाला तें उमगलें नाहीं, म्हणून विरोध करून पराक्रम दाखविला, असा त्याचा 'जीवनस्मृतीं'तील अभिप्राय आहे. टीकाकारांनींहि तो शिरसावंद्य मानला. आम्हांस तो निम्माच मान्य आहे. विलायतेंत जाऊन साहेब बनलेल्या आपल्याच बांधवांवर पत्रांत जी टवाळी आहे, घरमालकिणीच्या गोड बोलण्यानें हुरळून जाणारे जे तरुण तींत रंगविले आहेत, ती टवाळी आजहि ताजी आहे, आणि तिच्यांत पाहुण्याच्या भाबडेपणाची जितकी चिकित्सा आहे तितकी प्रौढ पुस्तकांत नाहीं. पोरकट डौल हा पत्रांचा खरा दोष नव्हेच. तो निराळा आहे, आणि गंमत अशी कीं, तो दोन्ही पुस्तकांत आहे.

पत्रें 'भारती' मासिकांत प्रसिद्ध होत. संपादक वडील बंधु द्विजेंद्रनाथ. धाकटा भाऊ इंग्रज स्त्रियांच्या मोकळ्या वागण्याची स्तुति करूं लागतांच वडील भावानें खालीं टीपा जोडून त्याचें खंडन आरंभिलें. धाकट्यानें पुढच्या पत्रांतून उत्तरें दिलीं. वाद मोठा मजेदार आहे. पण त्या वादांत विलायतेंतल्या बायका कोण होत्या? साक्षीदार. कलकत्त्यांतल्या ठाकुरबाड्याच्या खटल्यांत त्यांना पिंजऱ्यांत उभें केलें होतें. तीस वर्षांनीं 'जीवनस्मृतीं'त खटला उलट बाजूनें चालतो. सायंकाळीं डॉक्टर घरीं येण्यापूर्वी त्यांची आरामखुर्ची आणि लोकरी सपाता शेकोटीपाशीं मांडून ठेवणाऱ्या स्कॉटबाईंचें सुंदर चित्र काढून लेखक म्हणतो कीं, पतिभक्ति ही केवळ आमच्या देशाची मिरास नव्हे. विधान उदार आहे, खोटेंहि नाहीं. परंतु येथें पुन्हा बाई साक्षीलाच आली! आधीं ती स्वातंत्र्याच्या बाजूनें बोलली, आतां पातिव्रत्याच्या बाजूनें. तिला स्वतःला काय वाटत होतें? दिवसभर घर सांभाळून, परक्या देशच्या पोराला पोटच्या मुलासारखें वागवून, ती रात्रीं थकत होती काय? सपाता मांडतांना तिच्या मनांत भक्ति होती, कीं संवय, कीं रोजच्या कामांतलें आणखी एक काम? दोन्ही पुस्तकें याविषयीं गप्प आहेत.

एका ठिकाणीं मात्र ती पिंजऱ्यांतून खालीं उतरते. या घरीं कधीं कधीं रात्रीं टेबलावर बोटें टेकून तें हलविण्याचा, त्या काळीं लोकप्रिय असलेला खेळ चाले. बाईंना तो पसंत नसे. तरी मुलांच्या हौसेखातर त्या सोसून घेत. एके दिवशीं मंडळींनीं डॉक्टरांच्या उंच टोपीवर हात ठेविले. तेव्हां बाई घाईघाईनें धांवून आल्या आणि त्यांनीं तें थांबविलें : पतीच्या टोपीशीं सैतानाचा क्षणभरहि संबंध त्यांना खपेना. या प्रसंगालाहि कवीनें पतिभक्तीच्याच सदरांत घातलें आहे. पण प्रसंग त्या सदरांत मावत नाहीं. त्यांत भीति आहे, श्रद्धा आहे, थोडा हास्यास्पदपणा आहे, आणि इतका वेळ गप्प बसलेल्या बाईनें सर्वांसमक्ष 'पुरे' म्हटलें आहे. लेखकाच्या सिद्धान्ताला न जुमानतां एक माणूस पानावर चालूं लागतें तें येथें.

मराठींत या विषयाशीं ताडून पाहण्यासारखें एक पुस्तक आहे : काशीबाई कानिटकरांनीं १८८९ सालीं प्रसिद्ध केलेलें डॉ. आनंदीबाई जोशी यांचें चरित्र. अठरा वर्षांच्या आनंदीबाई १८८३ च्या जूनमध्यें न्यूयॉर्कला उतरल्या त्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या भरंवशावर. दोघींची ओळख केवळ पत्रांची. पण भेटीपूर्वीच एक मावशी झाली होती व दुसरी भाची. न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या त्या घरीं राहून, मग फिलाडेल्फियास वैद्यकाचा अभ्यास करण्यास आनंदीबाई गेल्या. पत्रव्यवहार हा काशीबाईंच्या ग्रंथाचा मोठा आधार, आणि जेथें तो बोलतो तेथें ग्रंथ जिवंत आहे. परंतु काशीबाईंच्या मागेंहि एक खटला होताच. समुद्र ओलांडलेली ब्राह्मणाची मुलगी आचारानें ढळली नाहीं, शाकाहार सोडला नाहीं, हें पुण्याच्या लोकांना पटवून द्यावयाचें होतें. त्यामुळें कार्पेंटरबाईंचें घर हें आनंदीबाईंच्या निष्ठेची कसोटी म्हणून अधिक येतें, घर म्हणून कमी. मांसान्न शिजणाऱ्या घरीं एका पाहुणीसाठीं वेगळें काय रांधावें, हा प्रश्न त्या अमेरिकन गृहिणीनें रोज कसा सोडविला असेल, याची चौकशी करावीशी चरित्रकर्तीस वाटली नाहीं. १८८९ सालच्या पुण्यांत तिला याहून निकडीचीं उत्तरें द्यावयाचीं होतीं, हें आम्ही जाणतों. तरी उणीव ती उणीवच.

आनंदीबाई १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास वारल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आली आणि बाईंनीं ती न्यूयॉर्क संस्थानांतील पोकिप्सी येथें आपल्या कुटुंबाच्या दफनभूमींत ठेविली. मावशीपणाचा याहून मोठा पुरावा कोणत्या ग्रंथांत मिळणार?

रवींद्रनाथ १८८० च्या आरंभीं पदवी न घेतांच परतले. निघतांना स्कॉटबाईंनीं त्यांचे हात धरून रडत विचारलें कीं, असें जावयाचेंच होतें तर आलास कशाला. १८९० सालीं ते पुन्हा लंडनांत आले तेव्हां त्या जुन्या दारापर्यंत गेले. दार परक्या माणसानें उघडलें. डॉक्टरांचें कुटुंब तेथून बिऱ्हाड हलवून गेलें होतें. त्या वेळच्या डायरींत हा प्रसंग थोडक्यांतच आटोपला आहे. त्यांत स्वातंत्र्य नाहीं, पातिव्रत्य नाहीं, कसलाहि सिद्धान्त नाहीं. दहा वर्षांनीं भेटीस आलेला पाहुणा पायरीवर उभा आहे, आणि आंतलें कोणी त्याला ओळखीत नाहीं.