‘जोडणी’ या संज्ञेची चिकित्सा : मेंदू-प्रतिमांकनाच्या संदर्भात

मेंदू-प्रतिमांकनविषयक लेखनात ‘जोडणी’ ही संज्ञा ज्या सहजतेने वापरली जाते, ती सहजता तपासून पाहणे अगत्याचे आहे. १९९५ मध्ये भरत बिस्वाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, एफएमआरआय यंत्रात स्वस्थ पडून असलेल्या व्यक्तीच्या मेंदूतील डाव्या व उजव्या कारक क्षेत्रांचे संकेत एकाच लयीत चढउतार करतात. निरीक्षण मूलगामी होते. परंतु येथे मोजला जातो तो रक्तातील प्राणवायूच्या पातळीशी निगडित संकेतांचा सहसंबंध. प्रत्यक्ष चेतातंतू नव्हेत. या सहसंबंधास ‘कार्यात्मक जोडणी’ म्हटले गेले आणि पुढे अनेकांच्या लेखनातून ‘कार्यात्मक’ हे विशेषणच गळून पडले.

प्रश्न केवळ परिभाषेचा नाही. स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूत दूरस्थ क्षेत्रांमधील जोडणी क्षीण, तर निकटच्या क्षेत्रांमधील प्रबळ असते, हे प्रतिपादन दीर्घकाळ प्रतिष्ठित होते. २०१२ मध्ये जोनाथन पॉवर प्रभृतींनी दाखविले की, डोके मिलिमीटरच्या अंशाने हलले तरी जवळचे सहसंबंध वाढतात व दूरचे घटतात. म्हणजे नेमका तोच आकृतिबंध! लहान मुले व रुग्ण यंत्रात अधिक हालचाल करतात, हे तर यंत्र चालविणाऱ्या तंत्रज्ञासही ठाऊक असते. मग ‘विकार’ म्हणून जे मांडले गेले, त्यात विकार किती व चुळबुळ किती? मूळ प्रतिपादन त्यामुळे सर्वस्वी असत्य ठरत नाही; त्याचा पुरावा मात्र दुबळा ठरतो. दोन्ही गटांच्या हालचालीचे मापन न देणारा निबंध, त्यातील रंगीत चित्रे कितीही विलोभनीय असोत, परीक्षकांनी परत पाठवावा, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.