जसं पाहिलं तसं, जसं आलं तसं



आजच्या व्याख्यानात आपण एका साहित्यप्रकाराची समीक्षा करणार आहोत. कादंबरी, नाटक, कविता यांची समीक्षा भरपूर झाली आहे. पण आपल्यापैकी बहुतेक जण सकाळी उठल्याबरोबर जे वाचतात त्याची कोणी समीक्षा करत नाही. हा प्रकार म्हणजे 'फॉरवर्ड'. व्हॉट्सॲपवर येणारा आणि पुढे जाणारा मजकूर.

हसू नका. ज्या मजकुराला रोज इतके वाचक मिळतात, त्याच्याकडे समीक्षकाने पाठ फिरवणं बरं नव्हे.

या प्रकाराची लक्षणं आधी पाहू. सुरुवातीला शिफारस असते : 'खूप सुंदर, नक्की वाचा.' मध्ये मजकूर. शेवटी आज्ञा : 'किमान दहा जणांना पाठवा.' लेखकाचं नाव बहुधा नसतंच. असलंच तर मोठ्या माणसाचं असतं, आणि पुष्कळदा खोटं असतं. पु. ल. देशपांडे २००० साली गेले. व्हॉट्सॲप आलं २००९ मध्ये. तरी पु. लं.च्या नावावर त्यांनी कधीच न लिहिलेला मजकूर अजून फिरतोच आहे. आणि सगळ्यांत महत्त्वाची ती तळटीप : 'जसं आलं तसं पाठवत आहे.'

आपली आजची चर्चा या चार-पाच शब्दांभोवतीच आहे.

ज्ञानाची साधनं कोणती, हा आपल्या दर्शनांमधला जुना वाद. न्यायदर्शनाने चार प्रमाणं मानली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे दुसऱ्याने सांगितलेलं. चार्वाकांबद्दल परंपरा सांगते, की ते प्रत्यक्षाखेरीज काही मानत नसत. हल्ली आपल्यालाही तोच उपदेश मिळतो : डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवू नका. ऐकायला बरं वाटतं, पण जमत नाही. आपली जन्मतारीख आपल्यापैकी कोणी पाहिली आहे? आईने सांगितली, म्हणून माहीत. दुसऱ्याच्या शब्दावाचून माणसाचा एक दिवस निभत नाही.

म्हणून नैयायिकांनी प्रश्न वेगळा विचारला. शब्दावर विश्वास ठेवावा का, हा नव्हे. कोणाच्या शब्दावर ठेवावा, हा. उत्तर आलं : आप्ताच्या. आणि आप्त कोण? न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायनांनी त्याचा खुलासा केला आहे. त्याचा आशय असा : ज्याला त्या गोष्टीचं स्वतः साक्षात ज्ञान आहे आणि जे जसं पाहिलं तसंच दुसऱ्याला कळावं, एवढ्यासाठी जो बोलतो, तो आप्त. पुढे ते असंही सांगतात, की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छाला सारखंच लागू पडतं. म्हणजे कूळ विचारायचं नाही, नातं विचारायचं नाही. पाहिलं आहेस का, आणि खरं सांगतोस का, एवढंच विचारायचं.

आता गंमत बघा. मराठीत हाच शब्द आला आणि त्याचा अर्थ झाला नातेवाईक. लग्नपत्रिकेतले 'आप्तेष्ट'. जो विश्वासाचा तो आप्त, असं होतं. जो घरचा तो आप्त, असं झालं. एरवी हा भाषेतला एक निरुपद्रवी बदल. पण फॉरवर्डचं सगळं बळ याच घसरणीवर उभं आहे. कुटुंबाच्या ग्रुपवर मामांनी पाठवलं, म्हणून आपण खरं मानतो. मामा मराठी अर्थाने आप्त आहेत, यात शंका नाही. न्यायाच्या अर्थाने आहेत का? त्यांनी काही पाहिलेलंच नसतं. त्यांना फक्त आलेलं असतं. वात्स्यायनांचा आप्त सांगतो 'जसं पाहिलं तसं'. मामा सांगतात 'जसं आलं तसं'. एका क्रियापदाचा फरक. पण पहिल्या वाक्यात साक्षीदार आहे, दुसऱ्यात नुसता पोस्टमन.

हा फरक शब्दच्छलाचा नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा या गावी पाच माणसांना जमावाने ठार मारलं. आठवडी बाजाराचा दिवस होता. ती माणसं नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातली, भिक्षेसाठी फिरणारी. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून पसरली होती. या माणसांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं गेलं. ग्रामपंचायतीच्या, हे लक्षात घ्या. गावाने आपला कारभार करायची जी जागा, तिथे.

त्या वर्षी देशभर जी एक चित्रफीत फिरत होती ती मूळची कराचीतली, मुलांच्या सुरक्षिततेबद्दल लोकांना सावध करण्यासाठी केलेली. मूळ फितीत मोटारसायकलवाला मूल परत आणून सोडतो आणि संदेशाचा फलक दाखवतो. कोणीतरी शेवट कापला. पुढे हजारो जणांनी 'जसं आलं तसं' पाठवलं. त्यांतला प्रत्येक जण म्हणू शकतो, आम्ही काही कापलं नाही. खरंच आहे. पण कोणी पाहिलंही नव्हतं.

आणि ज्यांच्यावर संशय आला ते कोण? गावोगाव फिरणारी माणसं, पिढ्यान्‌पिढ्या आपल्या दारावर येत आलेली. खेड्याच्या जीवनात अशा पाहुण्याला जागा होती; नाव माहीत नसलं तरी तो कोण ते लोक ओळखत. फोनवरच्या बिनतोंडाच्या शब्दावर विश्वास बसला आणि समोर उभ्या माणसाच्या शब्दावर बसला नाही, असा तो उलटा न्याय.

इथे कोणी म्हणेल, म्हणजे जुनं गाव बरं, दवंडी बरी, पार बरा. नाही. दवंडी कोणी पिटायची आणि पारावर कोणी बसायचं, हे जात ठरवत होती. ज्यांना पारावर बोलायची मुभा नव्हती त्यांच्या हातात आज फोन आहे, आणि ही लहान गोष्ट नव्हे. दवंडीकडून एवढंच घ्यायचं, की पिटणारा कोण आणि हुकूम कोणाचा, हे गावाला ठाऊक असे. शब्दाला तोंड होतं.

आणि तोंड असलेला मजकूर आजही फोनवर येतो, बरं का. 'उद्या आपल्या गल्लीत पाणी येणार नाही', खाली वॉलमनचं नाव. 'रक्त हवं आहे', खाली नातेवाइकाचा नंबर. २०२१ च्या उन्हाळ्यात ऑक्सिजनच्या आणि खाटांच्या याद्या फिरत होत्या. त्यांत कामाच्या कोणत्या ठरल्या? ज्यांच्यावर कोणीतरी लिहिलं होतं, की 'साडेचार वाजता फोन करून खात्री केली'. ते लिहिणारी कॉलेजातली पोरंपोरी होती. त्यांनी न्यायसूत्रं वाचली नसतील. पण वात्स्यायनांचा आप्त तोच. नात्याचा नाही, पाहिलेला.

उपाय झाले नाहीत असं नाही. जुलै २०१८ मध्येच कंपनीने पुढे पाठवलेल्या मजकुरावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, फार वेळा फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी, असं ठरवलं. याने वेग कमी होतो. साक्षीदार मिळत नाही. कायद्याच्या बाजूने पाहा : २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं, की समान हेतू दिसत नसेल तर सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी ग्रुपच्या ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही. योग्यच आहे. पण मग जबाबदारी फिरून पाठवणाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडेच येते.

तेव्हा समीक्षेचा निष्कर्ष काय? फॉरवर्डचा खरा दोष खोटेपणा नाही. कित्येक फॉरवर्ड खरेही असतात. दोष हा, की तो आपला हात वापरतो आणि आपलं तोंड वगळतो. पाठवण्याचं सुख आपलं, सांगण्याची जोखीम कोणाचीच नाही.

यावर एक साधी शिस्त सुचवतो. काहीही पुढे पाठवण्याआधी वर आपलं स्वतःचं एक वाक्य लिहावं : हे आम्ही पाहिलं आहे; किंवा हे अमक्याने पाहिलं, त्याच्याशी आम्ही बोललो आहोत. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर पाठवू नये. मजकूर कमी होतील, हे नक्की. सकाळ थोडी रिकामी जाईल. त्या रिकाम्या वेळात दारावर कोणी आलं, तर त्याला विचारता येईल : बाबा, कुठले तुम्ही?

आता प्रश्न विचारा.