विमान येते, वकील येत नाही

आखातात राहणाऱ्या कुणाही भारतीयाला आपल्या सरकारच्या परराष्ट्र धोरणाबद्दल विचारावे, तो बहुधा विमानांची गोष्ट सांगतो. १९९० साली सद्दामच्या फौजा कुवेतमध्ये शिरल्या, तेव्हा एअर इंडियाने ५९ दिवसांत ४८८ उड्डाणे करून एक लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानहून मायदेशी पोचवले. २०१५ साली येमेनमधून ‘ऑपरेशन राहत’मध्ये साडेचार हजारांवर भारतीय तर सुटलेच, शिवाय ४१ देशांचे साडेनऊशेच्या वर नागरिकही आपल्या जहाजांतून आणि विमानांतून बाहेर पडले. २०२० साली टाळेबंदीत ‘वंदे भारत’ची विमाने आली. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांचा अभिमान वाटण्यात गैर काहीच नाही.

पण अभिमान वाटला म्हणून हिशेब तपासायचा नाही, असे थोडेच आहे? माझी तक्रार थोडक्यात अशी : संकटात सापडलेल्या भारतीयाला उचलून आणणे आपल्या सरकारला उत्तम जमते, मात्र तो संकटात सापडूच नये म्हणून त्याचे हक्क बांधून घेणे जमत नाही, किंवा त्याला तितके महत्त्व दिले जात नाही. मदत आहे, हक्क नाही. मदत देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. हक्क घेणाऱ्याच्या हातात असतो.

कुवेतच्या त्या सुटकेवर २०१६ साली ‘एअरलिफ्ट’ हा हिंदी चित्रपट आला. त्यात दिल्लीचे अधिकारी सुस्त आणि एक व्यापारी नायक, असे चित्र होते. परराष्ट्र मंत्रालयाने त्यावर नाराजी दाखवली आणि चित्रपटाने बरेच स्वातंत्र्य घेतल्याचे सांगितले. वाद रंगला तो श्रेय कोणाचे एवढ्यापुरताच. मात्र त्याच १९९० सालच्या १८ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्थलांतरित कामगार व त्यांच्या कुटुंबीयांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार संमत केला, ही गोष्ट त्या वादात कुणी काढली नाही. तो करार २००३ साली अमलात आला. फिलिपाईन्सने, श्रीलंकेने आणि २०११ साली बांगलादेशनेही त्याला मान्यता दिली. जगात सर्वाधिक माणसे परदेशी पाठवणाऱ्या आणि सर्वाधिक पैसा परदेशातून मिळवणाऱ्या भारताने आजवर दिलेली नाही. विमाने सर्वांच्या लक्षात राहिली, हा कागद कुणाच्याच राहिला नाही.

आता रास अल खैरबद्दल. आपल्यापैकी बरेच जण जुबैलला राहून इथे रोज ये-जा करतात. त्यांना नवे सांगण्यासारखे काही नाही, पण अमेरिकेतल्या आणि पुण्यातल्या वाचकांसाठी सांगतो. जुबैलच्या उत्तरेला, पूर्वी रास अझ-झौर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या किनाऱ्यावर गेल्या पंधरावीस वर्षांत हे उद्योगनगर उभे राहिले. वाळवंटातल्या खाणींतून रेल्वेने फॉस्फेट आणि बॉक्साइट येते, त्यांचे खत आणि ॲल्युमिनियम होते. समुद्राचे पाणी गोडे करणारा इथला प्रकल्प दिवसाला दहा लाख घनमीटरच्या घरात पाणी काढतो आणि ते थेट रियाधपर्यंत जाते. शिवाय जहाजबांधणीचा मोठा कारखाना आहे. या सगळ्याच्या उभारणीत आणि दर ‘शटडाऊन’च्या दुरुस्तीत भारतीय वेल्डर, पाइप-फिटर, रिगर, स्कॅफोल्डर आहेत. त्यांत चिपळूण-खेडचे आहेत, नांदेड-परभणीचेही आहेत.

इथल्या खताचा आणि महाराष्ट्राचा संबंध लांबचा नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय खते मंत्री जे. पी. नड्डा सौदीला आले. तेव्हा मादेन कंपनीशी भारतीय खत कंपन्यांचे करार झाले : २०२५-२६ पासून पाच वर्षे, दर वर्षी ३१ लाख टन डीएपी. मंत्रिमहोदयांनी रास अल खैरचा खत प्रकल्पही पाहिला. शेतकऱ्याच्या दृष्टीने करार चांगलाच आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. मुद्दा एवढाच, की एवढी मोठी खरेदी करणारे गिऱ्हाईक दुकानात बोलू शकते. मराठवाड्यातल्या कापसाला लागणारी गोणी आणि ती भरणाऱ्या यंत्राची दुरुस्ती करणारा मराठवाड्याचाच पोरगा, हे दोन विषय दिल्लीत दोन वेगळ्या मंत्रालयांच्या दोन वेगळ्या फायलींत राहतात.

इथे आलेल्या कामगाराची अडचण काय असते? बहुतेक जण मूळ कंपनीचे नसतात, ‘सप्लाय’चे असतात. मुंबईत एजंट एक पगार सांगतो, इथे उतरल्यावर दुसऱ्याच कागदावर सही होते. माझ्या हाताखाली एका शटडाऊनला आलेल्या कोकणातल्या फिटरला मुंबईत १,८०० रियाल सांगितले होते, हातात १,२०० पडत होते. त्याने तक्रार का केली नाही, असे विचारल्यावर तो म्हणाला, “साहेब, हुरूब लावला तर?” हुरूब म्हणजे कफीलाने कामगार पळून गेल्याची नोंद करणे. ती एकदा झाली की इकाम्याचे भवितव्य संपते.

यजमान देशाने काहीच केले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. पगार बँकेतूनच देण्याची व्यवस्था २०१३ पासून आली. उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी बारा ते तीन उघड्यावर काम बंद असते. मार्च २०२१ पासून खासगी क्षेत्रातल्या कामगाराला, ठरावीक अटींवर, मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येऊ लागली आणि एक्झिट री-एंट्री स्वतः काढता येऊ लागली. त्या सुधारणेतून घरकामगार आणि घरचे ड्रायव्हर वगळले गेले, हे खरे. पण दार थोडे तरी उघडले. माझा प्रश्न आपल्या सरकारला आहे : त्या उघडलेल्या दारातून आपला माणूस आत जावा म्हणून आपण काय केले?

कागदावर पाहिले तर बरेच आहे. १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. त्याच्या जागी नवा आणण्यासाठी २०२१ आणि २०२५ मध्ये मसुदे निघाले. ‘ई-मायग्रेट’ ही संगणकीय व्यवस्था आहे. एप्रिल २०१६ मध्ये पंतप्रधानांच्या रियाध भेटीत सर्वसाधारण कामगारांच्या भरतीबाबत करारही झाला. पण छाननीची गंमत पाहा. जो दहावी पास नाही, त्याच्याच पारपत्रावर परवानगीची अट पडते आणि त्याचीच कागदपत्रे तपासली जातात. दहावी झालेला वेल्डर त्या चाळणीतून सुटतो. आपल्या महाराष्ट्रात आयटीआय करून येणारी बहुतेक मुले दहावी पास असतात. म्हणजे शिक्षण वाढले की सरकारचे लक्ष कमी होते!

सर्वांत खटकणारा प्रकार २०२० सालचा. परदेशी पाठवताना कामगाराला किमान किती पगार हवा, याचे आकडे सरकार ठरवते. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये आखाती देशांसाठीचे हे आकडे ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणले गेले. सौदीसाठी ३२४ डॉलर, म्हणजे सुमारे १,२०० रियाल. कारण असे सांगितले, की भारतीयांच्या नोकऱ्या टिकल्या पाहिजेत. तेलंगण उच्च न्यायालयात याचिका झाली आणि जुलै २०२१ मध्ये जुने आकडे परत आले. एकीकडे ‘वंदे भारत’ची विमाने उडत होती आणि त्याच महिन्यांत दुसऱ्या टेबलावर कामगाराची किंमत उतरवली जात होती. माझ्या तक्रारीचा याहून स्पष्ट पुरावा मला देता येणार नाही.

मदतीच्या पैशाचेही तसेच. २००९ साली सुरू झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून अडकलेल्यांना जेवण, निवारा, तिकीट मिळते. मृतदेह घरी नेण्याचा खर्च होतो. गरजूला वकीलही देता येतो. हा निधी येतो कुठून? पारपत्र नूतनीकरणासारख्या सेवांवर आपण जो जादा आकार भरतो, त्यातून. तो कॅम्पातल्या कामगारानेही भरलेला असतो. पण त्यातून काय मिळेल, हे अधिकाऱ्याने तो ‘पात्र’ ठरवल्यावर कळते. स्वतःच्या पैशाने भरलेल्या डब्यातला घास मागताना माणसाने हात जोडून उभे राहावे, असा हा प्रकार आहे. आणि मागायला जायचे कुठे? दूतावास रियाधला, वाणिज्य दूतावास जेद्दाला. जुबैलच्या कॅम्पातून रियाध साडेचारशे-पाचशे किलोमीटर. म्हणजे दोन दिवसांचा पगार आणि फोरमनची बोलणी.

२०१६ चा उन्हाळा आठवत असेल. सौदी ओजेर ही बांधकाम कंपनी बुडू लागली आणि पगाराविना हजारो भारतीय कॅम्पांत अडकले. सुषमा स्वराज यांनी एकही भारतीय उपाशी राहणार नाही असे सांगितले, राज्यमंत्री व्ही. के. सिंह जेद्दाला आले, धान्य वाटले गेले आणि माणसे परतू लागली. सुषमाबाईंनी मनापासून केले, हे मी मान्य करतो. पण परतणारा माणूस महिनोन्‌महिन्यांचा पगार मागे ठेवून गेला. त्याच संकटात फिलिपाईन्सचेही हजारो लोक होते. त्यांच्या सरकारने ती फाईल बंद केली नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी सौदी युवराजांच्या भेटीत विषय निघाल्याचे सांगितले, सुमारे दहा हजार कामगारांच्या थकबाकीसाठी दोन अब्ज रियालचे आश्वासन मिळाले आणि पुढे पैसे वाटपही सुरू झाले. देश आपल्याहून लहान, पण पगाराची थकबाकी हा त्यांनी राष्ट्रप्रमुखांच्या बोलण्याचा विषय केला.

यावर आपल्याकडे ठरलेले उत्तर आहे : “फार ताणले तर ते दुसरीकडून माणसे आणतील.” हे उत्तर नवे नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी फेब्रुवारी १९१० मध्ये नाताळला पाठवल्या जाणाऱ्या करारबद्ध मजुरांची भरती बंद करण्याचा ठराव मध्यवर्ती कायदेमंडळात मांडला, तेव्हाही मजुरांच्या पोटाचा प्रश्न पुढे करता आला असता. ठराव मान्य झाला आणि १९११ मध्ये नाताळची भरती थांबली. पुढल्या वर्षी पूर्ण पद्धतच बंद करण्याचा त्यांचा ठराव हरला, पण १९१७ मध्ये ती भरतीही संपली. गोखले काही भडक माथ्याचे नव्हते. त्यांना एवढेच कळले होते, की ज्याला माणसे हवी आहेत त्याच्याशी बोलताना माणसे हेच आपले बळ आहे. फिलिपाईन्सनेही २०१८ मध्ये कुवेतला कामगार पाठवणे थांबवले आणि काही महिन्यांत करार पदरात पाडून घेतला.

दुसरे उत्तर असते ते दुसऱ्याच्या अंतर्गत बाबींत ढवळाढवळ न करण्याचे. एखाद्या देशावर बोट ठेवणाऱ्या मानवी हक्कांच्या ठरावांपासून भारत सहसा दूर राहतो. श्रीलंकेबाबत २०१२ आणि २०१३ मध्ये ठरावाच्या बाजूने मत दिले, २०१४ मध्ये तटस्थ राहिला. या धोरणामागे विचार आहे आणि त्यावर मतभेद असू शकतात. पण आपल्याच नागरिकाच्या करारपत्रातला पगार मागणे ही ढवळाढवळ कशी? १९४६ साली, स्वातंत्र्य मिळायच्या आधीच, भारताने दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला होता. तेव्हा आफ्रिकेचेही हेच म्हणणे होते, की ही आमची अंतर्गत बाब आहे. भारताने ते ऐकले नाही. आपल्या परराष्ट्र धोरणाची सुरुवातच परदेशस्थ भारतीयांच्या हक्कांपासून झाली, हे आज आठवण करून द्यावे लागते.

आता थोडे आपल्याबद्दल, कारण सरकारवर बोट ठेवताना उरलेली बोटे कुठे वळतात हे पाहायला हवे. आपण इंजिनियर, डॉक्टर, अकाउंटंट मंडळी. आपल्याला इकामा, फॅमिली व्हिसा, मुलांची शाळा एवढेच प्रश्न असतात. दूतावासाचे अधिकारी भेटीला आले की आपण पारपत्राच्या रांगेबद्दल बोलतो, संमेलनाचे निमंत्रण देतो, फोटो काढतो. कॅम्पातल्या पगाराबद्दल बोलणारा त्या खोलीत सहसा कुणी नसतो. आणि आपल्यापैकी ज्यांच्या घरी ड्रायव्हर किंवा बाई आहे, त्यांनी त्यांचे पारपत्र कुणाच्या कपाटात आहे हेही एकदा पाहावे. सरकारची दया आपल्याला अपुरी वाटते, तर आपल्या घरात तरी हक्क असावा.

मागण्या फार मोठ्या नाहीत. १९९० च्या करारावर सही करा, निदान का करत नाही ते संसदेत सांगा. दहावीची अट सोडून कामाच्या प्रकारावर छाननी ठेवा. पूर्व प्रांतात कामगारविषयक अधिकारी आणि एक अरबी जाणणारा वकील कायम बसवा. त्याचा खर्च कल्याण निधीतून निघण्यासारखा आहे. थकीत पगाराची यादी प्रत्येक मंत्र्याच्या सौदी दौऱ्यात खत आणि तेलाच्या फायलींसोबत ठेवा. यातली कुठलीही गोष्ट वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येणार नाही, तिच्यावर चित्रपटही निघणार नाही. पण पुढच्या शटडाऊनला येणाऱ्या फिटरला मुंबईत सांगितलेला पगार इथे मिळाला, तर त्याला न्यायला विमान पाठवण्याची पाळी कमी वेळा येईल.

दूतावासाच्या पुढच्या भेटीत मंडळातर्फे हे चार मुद्दे लेखी द्यावेत, अशी माझी सूचना आहे. ज्यांना त्यात भर घालायची आहे किंवा ज्यांचा विरोध आहे, त्यांनी पुढच्या अंकासाठी जरूर लिहावे.